मनावर घेतलं की सुटते म्हणे! दारू, नोकरी आणि इच्छाशक्तीची भानगड

आषाढातली अमावास्या जवळ आली की मोबाईलवर गटारीचे विनोद सुरू होतात आणि श्रावण लागला की आमच्या कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी बघणाऱ्या ऑफिसात, वेगळीच चर्चा असते. कोणाचे किती खाडे झाले, कोणाला नोटीस काढायची, कोणाची बायको लेकराला कडेवर घेऊन गेटवर येऊन गेली. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची पंचतारांकित वसाहत, शेवटी वाक्य एकच येतं, "कारागीर एक नंबर आहे हो, पण त्याला स्वतःलाच सोडायची नाही तर आपण काय करणार?"

हजेरीपत्रकं बघण्यातच माझी बरीच वर्षं गेली त्यामुळं हे वाक्य पाठ आहे. ते बोलणारा वाईट नसतो, बऱ्याचदा खरंच कळवळून बोलतो. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की आधी माणसात इच्छा पाहिजे आणि मग उपचार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं, इच्छा उपचार चालू झाल्यावर धरते, आणि ती धरायला नोकरीइतकी मदत दुसऱ्या कशाची क्वचितच होते. हे कसं ते नीट बघू.

पिणारा आणि व्यसनी, फरक कुठं पडतो?

देशात व्यसनांचा एक मोठा सरकारी सर्व्हे झाला, दिल्लीच्या एम्सनं केलेला, रिपोर्ट २०१९ ला आला. त्यात दारू पिणारे साधारण १६ कोटी निघाले, पण दारूमुळं ज्यांना मदतीची गरज आहे असे ५.७ कोटी. म्हणजे पिणारा प्रत्येक जण व्यसनी नाही हे खरंच आहे. पण त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा जास्त बोचतो, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागं एकालाच कसला तरी उपचार मिळालेला, दाखल होऊन उपचार तर १८० जणांमागं एकाला.

माणूस किती पेग घेतो यावर डॉक्टर व्यसन ठरवत नाहीत. ते बघतात की पूर्वी एका क्वार्टरमध्ये भागायचं तिथं आता दोन लागतात का, एकदा सुरू केल्यावर हातात थांबतं का, नुकसान दिसत असून चालूच आहे का, सारखी तलफ येते का, बाकीचं सगळं आयुष्य बाजूला पडलंय का, आणि न घेतल्यावर अंगाला त्रास होतो का. यातल्या तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या की त्याला व्यसन म्हणतात. शेवटच्या त्रासाला विड्रॉवल म्हणतात, हा शब्द पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

कारखान्यात विड्रॉवल ओळखायला डॉक्टर लागत नाही. फर्स्ट शिफ्टला सकाळी सातला पंचिंग मशीनवर बोट ठेवायचं असतं आणि ते बोट एका जागी राहत नाही, मशीन दोनदा नाकारतं, मागची लाईन हसते. अंगाला घाम, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला. मग हा बाबा पाण्याच्या बाटलीतून दोन घोट मारतो आणि दहा मिनिटांत हात स्थिर. बघणाऱ्याला वाटतं सकाळी सकाळी मजा मारतोय, तो मात्र नुसता सरळ उभं राहण्यासाठी पितोय, मजा कधीच संपलेली असते.

"श्रावण पाळतो की तो, मग व्यसनी कसा?"

हा आपल्याकडचा खास मुद्दा. वर्षभर पितो, श्रावणात थेंब नाही, काहीजण पुढं गणपती होईपर्यंत ओढतात. घरचे खूश आणि तो स्वतः छाती काढून सांगणार, "मनात आणलं तर कधीपण सोडतो." महिनाभर थांबता येणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यातून कळतं की अंगाची गरज अजून फार पुढं गेलेली नाही. पण खरी परीक्षा थांबण्याची नाही, परत सुरू केल्यावर किती आणि कसं, त्याची आहे. श्रावण संपला की पहिल्याच बैठकीत मागच्या महिन्याची थकबाकी वसूल करणारा माणूस तारखा मोजत बसलेला असतो.

तरी श्रावणाला हसू नका. त्या महिन्यात कोणी आग्रह करत नाही, "एक घे की" म्हणत नाही, घरात मटण नाही, दोस्तमंडळी स्वतःच बंद. म्हणजे भोवतीचं सगळं बदललं म्हणून तोच माणूस थांबू शकला. माळ घातलेल्याचं तसंच असतं, गळ्यात तुळशीची माळ दिसली की कोणी ग्लास पुढं करत नाही, वारीला सोबत मिळते, आणि चारचौघांत माळकरी म्हणून नाव झालेलं असतं त्यामुळं मोडायला जीव धजत नाही. बाहेरून आधार मिळाला की आतली इच्छा टिकते हे आपल्या जुन्या माणसांना कोणत्याही रिसर्चशिवाय माहीत होतं.

मग मनावर घेतलं की झालं ना?

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हे परत हवं हा शिक्का मारायचं काम त्याचं. दारू हा शिक्का नेहमीपेक्षा जोरात मारते. वर्षानुवर्षं तसं झालं की मेंदू बाकीच्या गोष्टींना भाव देईनासा होतो, पोराचा निकाल, बोनस, जोतिबाची यात्रा, सगळं फिकं. शिवाय कपाळामागचा जो भाग थांब, विचार कर म्हणतो तोसुद्धा दारूनं मंदावतो. आता गंमत बघा, मनावर घेणं हे काम मेंदूच्या याच भागाचं, म्हणजे आजार ज्या जागी झालाय नेमकी तीच जागा आपण वापरायला सांगतोय.

पंचगंगेवर ज्यांची मोटर आहे त्यांना हे लगेच कळंल. पंप रिकामा असताना बटण दाबलं तर तो नुसता घरघर फिरतो, पाणी ओढत नाही. आधी कळशीनं पाणी ओतून पंप भरावा लागतो, एकदा धार लागली की मग तो आपला आपण ओढतो. आपण व्यसनी माणसाला आधी धार दाखव मग पाणी भरतो असं सांगत असतो आणि वर म्हणतो, पंपच खराब आहे. पहिले काही आठवडे औषध, झोप, पोटात अन्न, रोज कोणाशी तरी बोलणं, दारूपासून लांब राहण्याची व्यवस्था हे सगळं बाहेरूनच द्यावं लागतं. मेंदू सावरायला महिने लागतात आणि तेव्हा कुठं माणूस स्वतःहून म्हणायला लागतो की नको आता.

एक धोक्याची गोष्ट, ही वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. शपथ घालून, खोलीत कोंडून, नाहीतर साहेबानं दम दिला म्हणून तर अजिबात नको. दारू मेंदूला दाबून ठेवते, मेंदू त्याविरुद्ध जोर लावून काम करत असतो, दारू अचानक काढली की तो जोर मोकाट सुटतो. थरथर, घाम सहसा शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, दिवस कुठला रात्र कुठली कळत नाही. यात माणूस दगावतोसुद्धा. आपल्याकडं याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडं नेतात आणि वेळ जातो.

दवाखान्यात यावर साधा, माहितीतला उपचार आहे, शांत करणारी औषधं मोजून देऊन हळूहळू कमी करतात आणि बी-वन व्हिटॅमिन देतात. आठवडाभराचा खेळ असतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, लाजायचं कारण नाही. फिट किंवा भास दिसले तर मात्र ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी.

पण आठवड्यात अंगातली दारू गेली म्हणजे व्यसन गेलं असं नव्हे, इथंच घरच्यांची फसगत होते. पुढचा भाग लांबचा आहे.

नोकरी मधे कुठून आली?

बायको सोडून जाईन म्हणते, आई रडते, तरी हलत नाही असा माणूस टाइम ऑफिसचं बोलावणं आलं की हलतो. कारण नोकरीवर त्याचा शेवटचा मान असतो. बिल्ला आहे तोपर्यंत तो गल्लीत कंपनीचा माणूस आहे.

याचा सगळ्यात चांगला पुरावा अमेरिकेतल्या डॉक्टरांचा आहे. तिथं व्यसनात सापडलेल्या डॉक्टरचं लायसन्स लगेच काढून न घेता त्याच्याशी करार करतात, उपचार घे, साधारण पाच वर्षं कधीही बोलावू तेव्हा लघवीची तपासणी दे, नियम पाळलेस तर प्रॅक्टिस चालू राहील. १६ राज्यांतल्या अशा ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ ला छापून आला. ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला किंवा चालू ठेवला त्यांच्यात पाचातल्या जवळजवळ चौघांच्या तपासणीत पाच वर्षांत एकदाही काही सापडलं नाही. व्यसनाच्या उपचारात असा निकाल फार दुर्मिळ.

आता कोणी म्हणेल, "ते डॉक्टर हो, आमच्या फेटलिंगवाल्याचं, कास्टिंग घासून साफ करणाऱ्याचं, काय घेऊन बसलाय?" बरोबर आहे. मग दुसरा अभ्यास घ्या, १९९१ चा, तोही अमेरिकेतला पण कारखान्यातल्या कामगारांचा. दारूमुळं नोकरी धोक्यात आलेले २२७ कामगार, चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. एका गटाला आधी दवाखान्यात दाखल, एकाला फक्त एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगा, एकाला काय ते तुम्हीच निवडा. कामातली सुधारणा तिन्ही गटांत झाली आणि जवळपास सारखी झाली. पण नुसत्या मीटिंगांना पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांना पुढं दाखल व्हावंच लागलं, निवड दिलेल्यांत ३८ टक्के, आणि आधीच दाखल झालेल्यांत परत दाखल व्हायची वेळ २३ टक्के लोकांवर आली. नोकरीचा दबाव डोक्यावर असतानाच हे लोक उपचाराला लागले होते, "तुला मनापासून सोडायचीय का" याच्या उत्तराची वाट कोणी बघत बसलं नव्हतं. दबावाखाली आलेला माणूस सुधारत नाही ही आपली समजूत तिथंच ढिली पडते.

दबाव चालतो, मग झाडला तर काय बिघडलं?

बिघडतं. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८३ च्या सुमारास व्यसनी माणसाशी बोलायची एक वेगळी पद्धत मांडली आणि १९९३ च्या अभ्यासात त्याला आणि सोबत्यांना दिसलं की सल्ला देणारा जितका अंगावर जाईल तितका तो माणूस वर्षानंतर जास्त पिताना सापडतो. म्हणजे अट कडक पाहिजे, तोंड नाही. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं, तोंड कडक आणि अट काहीच नाही. सगळ्यांसमोर आईबाप काढायचे आणि संध्याकाळी पाच हजार उचल द्यायची.

मग बोलायचं कसं? दार लावून, तो शुद्धीत असताना, कागद समोर ठेवून. "मामा, गेल्या महिन्यात सहा खाडे झाले, त्यातले चार पगारानंतरच्या आठवड्यात. मंगळवारी वितळलेल्या लोखंडाचं लॅडल धरताना हात कापत होते, मी स्वतः बघितलं. दारू पिता का ते विचारत नाही, तुम्हाला यातलं काय जड जातंय तेवढं सांगा." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्या सुपरवायझर लोकांना सगळ्यात अवघड जातं. मामा आधी पाठदुखी सांगतील, मग मालकाला शिव्या देतील, मग कधीतरी खाली बघत म्हणतील, "लेक बोलत न्हाई माझ्यासंगं." हे वाक्य धरायचं. त्यावर भाषण नको, "लेकीचं काय झालं?" एवढंच. सोडायचं कारण त्याच्या तोंडून निघालं तर ते त्याचं असतं, आपण दिलेलं कारण तो दुपारपर्यंत विसरतो.

त्यानंतर अट, लेखी आणि तारखेसकट. अमुक दिवसापर्यंत डॉक्टरला दाखवायचं, उपचाराची रजा मिळंल, परत आल्यावर दर आठवड्याला भेटायचं, गेटवर फुंकर मशीनची तपासणी होईल, आणि हे पाळलं नाही तर चौकशीची कारवाई नेहमीप्रमाणं होईल. खोटी धमकी द्यायची नाही आणि खोटं आश्वासनही नाही.

"म्हणजे पिणाऱ्याचे लाड, आणि आम्ही रोज येणारे येडे?"

हा आक्षेप शॉप फ्लोअरवर येतोच आणि त्यात तथ्य आहे. वितळलेलं लोखंड ओतताना शेजारच्याचा हात कापला तर भाजतो दुसराच. म्हणून पिऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी मशीनवर उभं करायचंच नाही, सोबत माणूस देऊन घरी पाठवायचं, एकट्याला बाईकवर तर अजिबात नाही. दारू पिऊन कामावर येणं स्टँडिंग ऑर्डरप्रमाणं, म्हणजे कंपनीच्या लेखी कामाच्या नियमांप्रमाणं, गैरवर्तन आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे. उपचाराला संधी देणं म्हणजे त्याला माफी देणं नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ ला याच विषयावर मालकांसाठी मार्गदर्शक नियम काढले, त्यांचा सूरही असाच आहे, आजार म्हणून बघा, गुपित राखा, पण शिस्तीचा अधिकार सोडू नका.

खरे लाड वेगळेच असतात. सोबत्याची हजेरी लावणं, "बरं नाही त्याला" म्हणून झाकणं, त्याचा जॉब आपण काढून देणं. दोस्तीखात्यात केलेलं असतं, पण त्यामुळं माणूस टाइम ऑफिसच्या दारापर्यंत दोन वर्षं उशिरा पोचतो.

गुपचूप जेवणातून औषध दिलं तर?

एसटी स्टँडच्या भिंतीवर असतंच, "न सांगता दारू सोडवा". त्या पुड्यांत काय असतं ते त्यांचं त्यांना माहीत. डॉक्टर वापरतात त्या औषधांत डायसल्फिराम नावाची गोळी आहे, तिची कथा कारखान्यातलीच आहे. १९३७ मध्ये रबराच्या कारखान्यातल्या एका डॉक्टरला दिसलं की एका ठराविक रसायनाशी काम करणारे कामगार थोडी जरी प्याले तरी बेजार होतात. पुढं १९४८ ला डेन्मार्कमध्ये त्याच जातीच्या रसायनाचं औषध झालं. ही गोळी घेतल्यावर प्यालं की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली जातं. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीनं लांब राहतो, गोळीचा सगळा उपयोग या माहीत असण्यातच आहे. न सांगता दिली आणि तो नेहमीसारखा प्याला तर जीवावर बेतू शकतं, हृदयाचा त्रास असेल तर विचारायलाच नको. शिवाय फसवलं हे कळल्यावर घरच्या जेवणावरचा विश्वास जातो तो वेगळाच. तलफ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन वगैरे, पण ती डॉक्टरनं बघून द्यायची.

परत प्याला, आता काय?

बरेच जण परत पितात. व्यसनातून बाहेर पडलेल्यांत परत घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के धरलं जातं, आणि बीपी किंवा दम्याच्या पेशंटांत त्रास परत उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. बीपी वाढलं म्हणून कोणाला "तुझ्यात दमच नाही" म्हणत नाही आपण, गोळी बदलतो. एएमध्ये याला स्लिप म्हणतात. स्लिप झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे, लाजेनं तो फोन बंद करतो आणि तेवढ्यात एका बाटलीच्या दहा होतात. करारातच लिहून ठेवावं की घसरलास तर चोवीस तासांत स्वतः फोन कर, स्वतः सांगितलंस तर आधी डॉक्टर, आम्हाला बाहेरून कळलं तर आधी चौकशी.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ ला अमेरिकेत सुरू झालं, महाराष्ट्रात ठिकठिकाणी मराठीत मीटिंगा चालतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. "फक्त आजचा दिवस" हे त्यांचं सूत्र, आयुष्यभराची शपथ कोणी मागत नाही आणि दारू सोडल्याचा वाढदिवस साजरा करतात. देवाचा उल्लेख फार येतो म्हणून काहींना पटत नाही, त्यांनी काउन्सेलरकडं जावं, रस्ता एकच नाही.

पैसा, रजा आणि केंद्र

पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो, हे बऱ्याच जणांना फक्त कपातीपुरतं माहीत असतं. सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल आणि ईएसआयच्या डॉक्टरनं आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. दाखल व्हायच्या आधी कार्ड आणि वर्गणी टाइम ऑफिसकडून तपासून घ्या. ठेकेदाराच्या माणसांनी तर नक्कीच, कारण तिथं कपात झालेली असते आणि भरणा झालेला नसतो असं सापडतं.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी विचारा, मानसोपचार डॉक्टर कोण येतात ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मनाचे आजारही त्यात धरलेत, आणि पेशंटला साखळीनं बांधायला त्यात साफ बंदी आहे. रात्री गाडी पाठवून उचलून नेतो, मारूनमुटकून सरळ करतो असं सांगणाऱ्याच्या दारात पाऊल ठेवू नका. चांगलं काम कसं चालतं ते बघायचं तर पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मोठा हातभार लावला होता. नुसतं फोनवर विचारायचं असेल तर व्यसनासाठी सरकारी हेल्पलाईन १४४४६, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

परत कामावर आल्यावर

पहिला महिना नाईट शिफ्ट नको, भट्टीजवळ नको, डबल ओव्हरटाइम नको. उचल बंद. त्याची स्वतःची तयारी असेल तर काही महिने पगार बायकोच्या हातात जाईल अशी सोय करावी, पण त्याला विचारून, नाहीतर तोच अपमान निमित्त होतो. पगाराच्या दिवशी सुटल्यावर कोणत्या रस्त्यानं, कोणासोबत घरी जायचं हे आधीच ठरवलेलं बरं, परमिट रूम चुकवून जाणारा रस्ता लांबचा असला तरी.

आणि दोस्तांनो, तुमचं एक काम आहे. रविवारी मळ्यात रस्सा मंडळ जमतं तिथं त्याला "नुसतं जेवायला ये, कोण जबरदस्ती करणार नाही" म्हणून बोलवू नका, वर्षभर तरी नाही. चूल पेटल्यावर पहिल्यांदा काय उघडलं जातं ते तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. लईच आठवण आली तर त्याला बायकापोरांसकट घरी बोलवा आणि पांढरा रस्सा जरा जास्त करा.